न पाहणाऱ्याचे रंग : अंकीय अमूर्त चित्रकलेतील रंगविचाराचा इतिहास

संगणकाच्या साह्याने निर्माण झालेल्या अमूर्त चित्रकलेचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट प्रथमच नजरेत भरते. या कलेत रेषा आधी आली आणि रंग बराच मागाहून आला. १९६५ साली भरलेल्या आरंभीच्या प्रदर्शनांतील चित्रे मुख्यतः कागदावरील काळ्या शाईची होती. आणि त्यानंतरही कित्येक वर्षे या क्षेत्रातील अनेक विचारी कलावंत काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादेतच काम करीत राहिले. याचे कारण सामान्यतः यंत्रसामग्रीच्या अपुरेपणात शोधले जाते. यंत्राजवळ रंग नव्हते म्हणून चित्रांत रंग नव्हते, असे हे स्पष्टीकरण आहे. ते खोटे नाही. परंतु अपुरे मात्र निश्चित आहे. यंत्रे रंग दाखवू लागल्यानंतरही सुमारे दोन दशके एका प्रमुख चित्रकाराने आपल्या यंत्राला रंगकाम करू दिले नाही, आणि हा चित्रकार रंगाविषयी उदासीन नसून रंगाचा जाणकार म्हणूनच आधी नावारूपास आलेला होता. त्याचे नाव हॅरॉल्ड कोहेन. त्याच्या या दीर्घ विलंबाचा अर्थ लावल्यास असे दिसून येते की, यंत्राजवळ रंगांचे आकडे होते, रंगांचे परस्परसंबंध नव्हते. आकड्यांकडून संबंधांकडे झालेली वाटचाल हाच अंकीय कलेतील रंगप्रयोगांच्या इतिहासाचा गाभा होय.

१

फेब्रुवारी १९६५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांच्या प्रेरणेने गेऑर्ग नेस यांची संगणकीय रेखाचित्रे मांडण्यात आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज कलादालनात मायकेल नोल व बेला युलेश यांचे, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा श्टुटगार्ट येथे नेस व फ्रीडर नाके यांचे प्रदर्शन झाले. जर्मनीतील ही चित्रे काढणारे साधन म्हणजे प्लॉटर. संगणकाकडून मिळालेल्या आज्ञांनुसार कागदावर लेखणी सरकवणारे हे यंत्र होते. लेखणी एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जाते, उचलली जाते, पुन्हा टेकते. अशा यंत्राला रेषा ही स्वाभाविक, तर रंगाचा सलग पृष्ठभाग परका. वेगळ्या रंगाची शाई भरलेली लेखणी लावता येई. परंतु त्यामुळे मिळत असे ती रंगीत रेषा. दोन पृष्ठभाग शेजारी आल्यावर त्यांच्यात जो व्यवहार सुरू होतो, तो अशा रेषेत क्वचितच घडतो.

तरीही रंगाचा विचार या काळात मुळीच झाला नाही असे म्हणता येणार नाही. नाके यांनी १९६७-६८ च्या सुमारास आव्यूहांच्या गुणाकारावर आधारलेली एक चित्रमालिका केली. एखादा आव्यूह, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेला आकड्यांचा चौकोन, घेऊन तो पुनःपुन्हा स्वतःनेच गुणीत जायचे. येणाऱ्या किमतींची काही गटांत विभागणी करायची. आणि प्रत्येक गटाला एकेक रंग नेमून द्यायचा, अशी ही रीत होती. परिणामी कागदावर रंगीत चौकोनांची जी जाळी उमटे, तिची घडण संपूर्णपणे गणिताची असे. मात्र कोणत्या गटाला तांबडा आणि कोणत्या गटाला हिरवा द्यावा, याविषयी गणित काहीही सांगत नव्हते. ती निवड कलावंताची होती.

भाषाभ्यासकाला येथे सोस्यूरची आठवण होणे साहजिक आहे. ध्वनी आणि अर्थ यांचा संबंध ज्याप्रमाणे यादृच्छिक असतो, त्याप्रमाणेच येथे आकडा आणि रंग यांचा संबंध यादृच्छिक होता. परंतु ही तुलना थोडी पुढे नेल्यास तिच्यातील उणीवही दिसू लागते. चिन्ह यादृच्छिक असले तरी भाषेत त्याला मूल्य प्राप्त होते ते इतर चिन्हांशी असलेल्या भेदामुळे. नाके यांच्या जाळीतही रंगांना मूल्य होतेच. पण ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात निर्माण होत असे. कार्यक्रमाला, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञावलीला, त्याचा पत्ताही नसे. तांबड्याच्या जागी जांभळा घातला असता तर कार्यक्रमाच्या दृष्टीने काहीच बदलले नसते. चित्र मात्र अगदी वेगळे झाले असते.

या विसंगतीची जाणीव असलेल्या काही कलावंतांनी रंग दूर ठेवणेच पसंत केले. मान्फ्रेड मोर यांनी १९६९ पासून संगणकाच्या साह्याने चित्रे काढण्यास प्रारंभ केला आणि १९७१ मध्ये पॅरिसच्या नगरकलासंग्रहालयात ती प्रदर्शित केली. पुढे घन आणि अनेक मितींतील अतिघन हाच त्यांच्या चिंतनाचा विषय झाला. सुमारे तीन दशके त्यांनी आपले काम जवळजवळ संपूर्णतः काळ्या-पांढऱ्यात केले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, सहा मितींच्या अतिघनातील संबंध काळ्या रेषांनी उलगडून दाखवणे अशक्यप्राय झाले, तेव्हाच त्यांनी रंगाचा अवलंब केला. तेथेही रंगाचे कार्य भेद दाखविण्याचे होते. विशिष्ट रंगाला विशिष्ट भावार्थ देण्याचा त्यांचा उद्देश नव्हता. रंगापासून दूर राहण्यामागे असा विचारपूर्वक संयम असू शकतो, हे मोर यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२

दरम्यान यंत्राच्या बाजूने परिस्थिती झपाट्याने पालटत होती. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ मध्ये ‘सुपरपेंट’ ही प्रणाली कार्यान्वित केली. पडद्यावरील प्रत्येक चित्रबिंदूचा रंग स्मृतीत आकड्याच्या रूपाने साठवावयाचा, हे तिचे तत्त्व. एका वेळी २५६ रंग पडद्यावर आणता येत. आणि ते १ कोटी ६७ लाखांहून अधिक शक्य रंगांतून निवडता येत. तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांपैकी प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या मानल्या म्हणजे १,६७,७७,२१६ हा आकडा येतो. शिवाय रंगांची सारणी क्षणात बदलता येत असल्याने, आकार तसेच ठेवून संपूर्ण चित्राची रंगयोजना फिरविणे शक्य झाले. जे करून पाहावयास रंगचित्रकाराला दिवसच्या दिवस लागत, ते आता निमिषार्धात होऊ लागले.

तथापि तीन प्रकाशांच्या प्रमाणांत रंगाचा विचार करणे चित्रकाराच्या अंगवळणी पडलेले नसते. ही अडचण ओळखून अल्वी रे स्मिथ यांनी १९७८ मध्ये रंगाची जात, तीव्रता आणि मूल्य अशा तीन अंगांनी रंग निवडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती अत्यंत सोयीची असल्यामुळे सर्वत्र रूढ झाली आणि आजही वापरात आहे. परंतु सोयीबरोबर तिने एक भ्रमही रूढ केला. या पद्धतीत संपूर्ण पिवळा आणि संपूर्ण निळा या दोहोंचे मूल्य सारखेच, म्हणजे कमाल भरते. डोळ्यांचा अनुभव मात्र याच्या अगदी उलट आहे. आजच्या पडद्यांसाठी रूढ असलेल्या प्रमाणानुसार पांढऱ्या प्रकाशाच्या एकंदर तेजस्वितेत हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, तांबड्याचा २१.३ टक्के आणि निळ्याचा अवघा ७.२ टक्के असतो. पडद्यावरचा पिवळा म्हणजे हिरवा अधिक तांबडा. म्हणजेच त्याची तेजस्विता निळ्याच्या जवळजवळ तेरा पट होते. ज्या दोन रंगांना आकडेवारी समान म्हणते, त्यांतील एक डोळ्याला दिव्यासारखा आणि दुसरा काळोखासारखा भासतो.

आंतरराष्ट्रीय प्रकाशमापन आयोगाने १९७६ मध्ये मान्य केलेल्या रंगमापन पद्धतीत हा भेद लक्षात घेतला गेला होता आणि डोळ्याला जाणवणाऱ्या अंतरांशी आकड्यांतील अंतरे जुळविण्याचा प्रयत्न झाला होता. पण एकाकी रंगाचे माप कितीही अचूक झाले, तरी चित्रातील रंग एकाकी नसतो. जोसेफ आल्बर्स यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात नेमका हाच धडा घालून दिला होता. करड्या कागदाचा एकच तुकडा काळ्या भूमीवर उजळ आणि पांढऱ्या भूमीवर गडद दिसतो. तसेच भिन्न रंगांचे दोन तुकडे योग्य भूमींवर ठेवल्यास एकसारखे भासू शकतात. रंग शेजाराने ठरतो. सुपरपेंटच्या स्मृतीत प्रत्येक चित्रबिंदूचा आकडा होता, परंतु शेजाराचे ज्ञान कोठेच नव्हते. ते पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या दृष्टीत होते.

३

हॅरॉल्ड कोहेन यांचा जन्म १९२८ साली लंडन येथे झाला. स्लेड कलाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, आणि १९६६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात ब्रिटनचे प्रतिनिधित्व करणाऱ्या पाच कलावंतांत त्यांचा समावेश होता. मोठमोठे रंगपट रंगविणारा अमूर्त चित्रकार अशी त्यांची ख्याती होती. १९६८ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत गेले आणि तेथेच त्यांनी संगणकाची भाषा आत्मसात केली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांच्या ‘आरॉन’ या कार्यक्रमाची पायाभरणी झाली. त्यानंतर २०१६ मध्ये झालेल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, ते या एकाच कार्यक्रमाची जोपासना करीत राहिले.

आरॉनला कोणतेही तयार चित्र दिलेले नव्हते. बंद आकृती आणि उघडी रेषा, आतले आणि बाहेरचे, आकृती आणि भूमी, असे काही मूलभूत भेद आणि त्यांवर आधारलेले नियम त्याला ज्ञात होते. त्यांच्या आधारे तो स्वतंत्र रेखाचित्रे रचीत असे. १९७७ मध्ये कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनात कासवासारखे सरपटणारे एक छोटे यंत्र प्रेक्षकांसमोर अशी चित्रे काढीत होते. परिमित नियमांतून अपरिमित रचना, हे त्या काळच्या रचनांतरणवादी व्याकरणाचे उद्दिष्ट येथे रेखाटनात साकार झालेले दिसते. परंतु रंगाची वेळ आली म्हणजे कोहेन कुंचला स्वतःच्या हाती घेत. आरॉनने रेखाटावे आणि कोहेन यांनी रंगवावे, ही व्यवस्था १९९० च्या दशकापर्यंत टिकली.

रेखाटनाचे नियम ज्याला लिहिता आले, त्याला रंगाचे नियम लिहिता का येऊ नयेत? या प्रश्नाचे उत्तर कोहेन यांनी स्वतःच्या कार्यपद्धतीचे परीक्षण करून शोधले, आणि १९९९ मधील आपल्या एका निबंधात न पाहता रंगविण्याची ही समस्या तपशिलाने मांडली. चित्रकार रंग लावतो, मागे सरून पाहतो, बदलतो, पुन्हा पाहतो. संपूर्ण रंगयोजना मनातल्या मनात अचूक उभी करणे माणसाला बहुधा साधत नाही. आणि डोळा सतत साक्षीला असल्यामुळे तसे करण्याची त्याला गरजही भासत नाही. म्हणूनच निष्णात रंगकारालाही आपले नियम शब्दांत सांगता येत नाहीत. मातृभाषा अस्खलित बोलणाऱ्याला तिचे व्याकरण सांगता येऊ नये, तशातलाच हा प्रकार आहे. आरॉनची स्थिती नेमकी उलट होती. त्याला डोळा नव्हता. पण चित्रातील प्रत्येक क्षेत्राचा रंग, विस्तार आणि शेजार एकाच वेळी स्मरणात ठेवणे त्याला सहज शक्य होते. तेव्हा माणसाच्या पद्धतीची नक्कल त्याच्याकडून करवून घेणे निरर्थक होते. डोळ्याविना चालेल असे वेगळेच व्याकरण शोधणे प्राप्त होते.

या कामासाठी कोहेन यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी संपूर्ण कार्यक्रम सी या भाषेतून लिस्प या भाषेत नव्याने लिहिला. कारण रंगांच्या परस्परसंबंधांसारख्या गुंतागुंतीच्या गोष्टी मांडण्यास ती अधिक अनुकूल होती. १९९५ मध्ये बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात आरॉनचे रंगकाम जाहीरपणे दाखविण्यात आले. यंत्राचा हात रंगद्रवांचे मिश्रण करी, कुंचला निवडी आणि कागदावरील आकृत्या भरीत जाई. प्रयोग यशस्वी झाला, पण कोहेन मात्र समाधानी नव्हते. प्रेक्षकांचे सारे लक्ष यंत्राच्या हालचालींकडे लागे. रंगांची निवड कोणत्या विचाराने होत आहे याकडे कोणाचेच जात नसे. काही काळाने त्यांनी हे रंगकामाचे यंत्र बाजूला ठेवले आणि मोठ्या आकाराच्या मुद्रणाचा मार्ग पत्करला.

रंगाच्या नियमांची घडणही याच काळात बदलत गेली. आरंभी अनेक परिस्थितींसाठी अनेक नियम, असे त्यांचे स्वरूप होते. जेथे दोष दिसे तेथे नवा नियम जोडला जाई. पुढे २००० नंतरच्या दशकात, आरॉनची चित्रे मनुष्याकृतींकडून वनस्पतिसदृश आणि अधिकाधिक अमूर्त आकारांकडे वळली असताना, कोहेन यांनी नियमांचा हा पसारा आवरून त्याच्या जागी बरीच साधी रीत योजिली. तिचे मर्म असे की, चित्राचा तोल प्रथम उजळपणावर अवलंबून असतो. गडद, मध्यम आणि उजळ यांची वाटणी नीट साधली, आणि तीव्रतेला लगाम राहिला, म्हणजे रंगाच्या जातीबाबत पुष्कळच मोकळीक घेता येते. तांबडा की हिरवा, हा सर्वसामान्य माणसाला रंगाचा मुख्य प्रश्न वाटतो. कोहेन यांच्या अनुभवाने तो दुय्यम ठरविला. आकृतीला भूमीपासून अलग करण्याचे काम मुख्यतः उजळपणाचा भेद करतो, आणि हा भेद आकड्यांनी मोजता येत असल्यामुळे न पाहणाऱ्या यंत्रालाही तो सांभाळता येतो.

४

या निष्कर्षाला भाषाशास्त्रात एक लक्षणीय समांतर सापडते. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये अनेक भाषांतील मूलभूत रंगवाचक शब्दांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या भाषांत असे दोनच शब्द आहेत त्यांत भेद असतो तो गडद व उजळ यांचा; तिसरा शब्द आला तर तो तांबड्याचा; इतर रंग त्यानंतर येतात, असा क्रम त्यांनी मांडला. न्यू गिनीतील दानी भाषेचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर रॉश यांच्या १९७२ च्या संशोधनात अशा द्विपदी व्यवस्थेचे उदाहरण मिळते. तेथील एका शब्दाच्या कक्षेत गडद व थंड रंग येतात, दुसऱ्याच्या कक्षेत उजळ व उष्ण. बर्लिन आणि के यांच्या सिद्धांतावर पुढे बरेच आक्षेप घेण्यात आले व त्यात दुरुस्त्याही झाल्या. त्यामुळे त्याच्या आधारे चित्रकलेविषयी काही सिद्ध करू पाहणे धाडसाचे होईल. परंतु भाषा ज्या भेदापासून आरंभ करतात त्याच भेदापाशी एक रंगकार तीस वर्षांच्या प्रयोगांनंतर येऊन पोहोचावा, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

मराठीपुरते पाहिले तरी या तीन अंगांचे ज्ञान बोलीत मुरलेले दिसते. डाळिंबी, मोरपिशी, अबोली, आमसुली, शेवाळी ही नावे रंगाची जात सांगतात आणि त्यासाठी वस्तूंचा आधार घेतात. गडद आणि फिका हे शब्द उजळपणा दर्शवितात. भडक आणि मंद हे तीव्रता. जातीची नावे शेकडो असून त्यांत नित्य भर पडते. उरलेल्या दोन अंगांसाठी मोजक्या जोड्या पुरतात, आणि त्या कोणत्याही रंगाला लावता येतात. लुगड्याचे काठ आणि अंग जुळतात की नाही हे ठरविताना काठ ‘उठून दिसतो’ की ‘मारला जातो’, अशी भाषा वापरली जाते. तो निर्णय एकट्या रंगाविषयी नसतो, शेजाराविषयी असतो. कोहेन यांना जे नियमबद्ध करावयाचे होते, ते ज्ञान हेच.

५

आता या इतिहासातील सर्वांत विचारप्रवर्तक घटनेकडे वळावयाचे. आरॉनला रंगकाम स्वतंत्रपणे करता येऊ लागल्यावर, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, कोहेन यांनी रंगाचे काम पुन्हा स्वतःकडे घेतले. आरॉनने रचलेले आकार मोठ्या स्पर्शपटावर आणून ते बोटांनी रंगवू लागले. जे साध्य करण्यासाठी दोन दशके वेचली ते साध्य होताच टाकून देणे, हे वरकरणी पराभवाच्या कबुलीसारखे दिसते. परंतु त्याचा दुसरा अर्थही संभवतो, आणि तोच अधिक पटण्यासारखा आहे. नियम यशस्वी झाला याचा अर्थ तो स्वीकारार्ह चित्रे निर्माण करू लागला, एवढाच. हे चित्र त्या चित्राहून सरस आहे, येथे नियम मोडल्यानेच काही साधले, असा निवाडा करणारा मात्र त्यात कोणी नव्हता. प्रयोगाला दोन गोष्टी लागतात. एक नियम, आणि दुसरी त्या नियमाची चूक ओळखणारी दृष्टी. पहिली गोष्ट कोहेन यांनी यंत्राला दिली. दुसरी देता आली नाही, आणि तसे भासविण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

आज लक्षावधी चित्रांच्या संस्कारावर पोसलेली यंत्रे क्षणार्धात रंगीत अमूर्त रचना करून देतात, आणि त्यांतील अनेक डोळ्याला सुखावतातही. त्यांचे रंगज्ञान पाहिलेल्या माणसांच्या चित्रांवरून उचललेले आहे. परंतु ते कोणत्या नियमाने चालते हे वाचता येत नाही. आरॉनचे नियम वाचता येतात, त्यांवर वाद घालता येतो, त्यांतील एखादा बदलून परिणाम पाहता येतो. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने कोहेन यांच्या कार्याचे प्रदर्शन भरविले तेव्हा भिंतीवरील चित्रांबरोबर आरॉनच्या जुन्या आवृत्त्याही प्रत्यक्ष चालवून दाखविण्यात आल्या. या कलेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची मानली पाहिजे. मुद्रित चित्र टिकते. पण ज्या यंत्रावर कार्यक्रम चालतो ते कालबाह्य झाले म्हणजे त्यातील रंगविचार मुका होतो. व्याकरण नष्ट होऊन काही वाक्येच उरावीत, तशी ती हानी आहे. म्हणून अंकीय अमूर्त चित्रकलेचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने चित्रांच्या सूचीइतकीच कार्यक्रमांच्या जतनाचीही काळजी वाहिली पाहिजे. अन्यथा रंग दिसत राहतील. ते तसे का निवडले गेले हे मात्र सांगता येणार नाही.